गल्ला वेगळा, घर वेगळे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला. त्या सर्वांचे मी मनापासून अभिनंदन करतो. पण ज्यांचे नाव आज पुकारले गेले नाही, आणि जे उद्या वडिलांच्या दुकानात, गॅरेजमध्ये, शिलाईच्या मशीनवर किंवा फळांच्या हातगाडीवर उभे राहणार आहेत, अशी मुलेही या सभागृहात बसली आहेत. त्यांच्याविषयी व्यासपीठावरून फारसे बोलले जात नाही. म्हणून मी आजचा विषय त्यांच्यासाठी निवडला आहे. ज्याला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळत नाही, त्याने आपला संसार कसा चालवावा, आणि "मी हा धंदा करावा की सोडावा?" हा प्रश्न रात्री झोपू देत नसेल तर त्याचे उत्तर कोठे शोधावे, एवढाच माझा विषय आहे.

आपल्या समाजाला हा विषय परका नाही. मणियार, बागवान, पिंजारी, तांबोळी, अत्तार, खाटीक ही आपली आडनावेच मुळी व्यवसायांची नावे आहेत. बांगड्या भरणारा तो मणियार, कापूस पिंजणारा तो पिंजारी. आपल्या वाडवडिलांनी कोणाच्या हजेरीपटावर सही केली नाही. ते हातातील कसबावर जगले. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये आपला अहवाल सादर केला. काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत, असे त्यात नमूद केले आहे. म्हणजे दहांतील सहा माणसे स्वतःच्या धंद्यावर पोट भरणारी. असे असता, आपल्या घरी मुलाला गणित शिकविले जाते, पण धंद्याचा हिशेब शिकविला जात नाही. "बसता बसता शिकेल" असे म्हणून आपण त्याला गल्ल्यावर बसवितो. तो बसतो, पण शिकतोच असे नाही.

जुन्या मराठी माणसांत एक म्हण होती : उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. आज ही म्हण उलटी झाली आहे. मुलीचे स्थळ पाहताना पहिला प्रश्न विचारला जातो, "मुलगा नोकरीला आहे का?" उत्तर "स्वतःचे दुकान आहे" असे आले की विचारणाऱ्याचा चेहरा थोडा उतरतो. वीस-बावीस वर्षांच्या तरुणाला हे दिसत असते. त्याचा वर्गमित्र शिपायाच्या किंवा पोलिसाच्या नोकरीला लागला की त्याच्या मनात शंका सुरू होते. आपण चुकीच्या वाटेवर आहोत काय? ही शंका वाईट नव्हे. शंका येणे हे विचार करणाऱ्या माणसाचे लक्षण आहे. मात्र शंकेचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे औषध निराळे आहे, हे ध्यानात घ्यावे.

पहिली शंका खिशातून येते : मला यात पुरेसे मिळते का? दुसरी शंका लोकांतून येते : लोक काय म्हणतील? तिसरी शंका धंद्यातून येते : हा धंदा आणखी दहा वर्षे राहील का? आपण या तिन्ही शंका एकत्र कालवतो आणि मग उत्तर सापडत नाही. माझे सांगणे असे आहे की, पहिल्या शंकेचे उत्तर वहीत लिहिलेले असते. ती वही नसेल तर बाकीच्या दोन शंकांचेही उत्तर मिळत नाही. म्हणून आधी वहीविषयी बोलू.

सामान्य दुकानदाराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी गल्ल्यातून दुधाचे पैसे गेले. दुपारी पाहुणे आले, चहा-नाश्ता गल्ल्यातून. मुलाची फी गल्ल्यातून, औषध गल्ल्यातून. संध्याकाळी ठोक व्यापाऱ्याचा माणूस मालाचे पैसे मागावयास आला, तेव्हा गल्ल्यात पैसे नाहीत. दिवसभर गिऱ्हाईक होते, हात रिकामा राहिला नव्हता, मग पैसा गेला कोठे? तो माणूस म्हणतो, "धंद्यात बरकत राहिली नाही." खरे पाहता धंद्याने आपले काम केले होते. घराने धंद्याचे भांडवल खाल्ले आणि कोणी ते लिहून ठेवले नाही. हल्ली गल्ला मोबाईलमध्ये गेला आहे. गिऱ्हाईक कोड स्कॅन करून पैसे देतो, ते ज्या खात्यात जमा होतात त्याच खात्यातून घरचा किराणा येतो. गल्ला डोळ्यांना दिसत नाही म्हणून गोंधळ आणखी वाढला आहे.

यावर उपाय साधा आहे. दुकानाचे खाते वेगळे, घराचे खाते वेगळे. आणि दुकानाच्या मालकाने दुकानाचा नोकर असल्याप्रमाणे महिन्याला ठराविक पगार घ्यावा. त्या पगारापलीकडे गल्ल्याला हात लावावयाचा नाही. ऐकावयास हे सोपे वाटते. पण पगार किती घ्यावा, हे ठरविताना आपल्या जिल्ह्याचा हंगाम लक्षात घ्यावा लागतो.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला नंदुरबार जिल्हा झाला. पण येथील बाजाराचे वर्ष कोणत्याही सरकारी आदेशापेक्षा जुने आहे. दिवाळीच्या सुमारास मिरचीची आवक वाढते आणि शहराभोवतीच्या पथाऱ्या लाल होतात. मार्गशीर्षात सारंगखेड्याची दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. फाल्गुनात सातपुड्यात होळीचे दिवस येतात. काठीची होळी पाहावयास दूरदूरचे लोक येतात, आणि होळीआधीच्या बाजारांत कापड, बांगड्या, दागिने यांची विक्री होते. पुढे लग्नसराई. आपला रमजान चांद्र वर्षाप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून शिलाईवाल्याचा हंगाम कधी उन्हाळ्यात, कधी हिवाळ्यात पडतो. दुसऱ्या बाजूने, पाऊस सुरू झाला की अनेक धंदे मंदावतात. आणि दिवाळीनंतर गावोगावची कष्टकरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत किंवा इतर जिल्ह्यांत गेली की खेड्यातील दुकानदाराचे गिऱ्हाईकच उठून जाते. अशा प्रदेशात दर महिन्याची कमाई सारखी असेल, अशी अपेक्षाच चुकीची आहे.

आता उदाहरण म्हणून एक हिशेब मांडू. समजा एका तरुणाचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. सुटे भाग, भाडे, वीज आणि हाताखालच्या मुलाचा पगार वजा जाता त्याला वर्षातील चांगल्या ५ महिन्यांत दरमहा ३० हजार रुपये उरतात, मध्यम ४ महिन्यांत २० हजार आणि मंदीच्या ३ महिन्यांत फक्त ९ हजार. वर्षाची बेरीज झाली २ लाख ५७ हजार. चांगल्या महिन्यांत हा तरुण स्वतःला राजा समजतो, हप्त्यावर नवीन गाडी घेतो. मंदीच्या महिन्यांत तोच हातउसने मागत फिरतो आणि म्हणतो, "यापेक्षा नोकरी बरी." दोन्ही वेळी तोच माणूस, तोच धंदा. फक्त महिना बदलला.

त्याने जर दरमहा १६ हजार रुपये पगार स्वतःला ठरवून दिला, तर चांगल्या महिन्यांत दर महिन्याला १४ हजार याप्रमाणे ७० हजार आणि मध्यम महिन्यांत ४ हजार याप्रमाणे १६ हजार, असे एकूण ८६ हजार रुपये दुकानाच्या खात्यात राहतील. मंदीच्या ३ महिन्यांत पगार पुरा करण्यासाठी त्यातून २१ हजार काढावे लागतील. तरीही वर्षअखेर ६५ हजार रुपये शिल्लक राहतात. त्यांपैकी ३० हजार अडीनडीसाठी, १५ हजार हत्यारे व यंत्राच्या नूतनीकरणासाठी, १२ हजार म्हातारपणासाठी आणि ८ हजार विमा, जकात व इतर देण्यांसाठी बाजूला काढता येतील. उत्पन्न एका रुपयानेही वाढले नाही. पण घराची झोप परत आली. घरातील बाईलाही दरमहा किती पैसे येणार हे आधी कळले की ती त्यात संसार बसविते. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे. पण अंथरूण रोज लहान-मोठे होत असेल तर पाय पसरावे तरी कसे? पगार ठरविणे म्हणजे अंथरुणाची लांबी कायम करणे.

अडीनडीच्या पैशाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण त्याचे महत्त्व आपल्याच जिल्ह्याने भारी किंमत देऊन शिकले आहे. नवापूर तालुका कुक्कुटपालनासाठी प्रसिद्ध. अनेकांनी कर्ज काढून, जमिनीचा तुकडा गहाण टाकून शेड उभारल्या होत्या. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळल्याचे जाहीर झाले. भारतातील या रोगाची ती पहिली अधिकृत नोंद होती. त्यानंतर काही दिवसांतच परिसरातील लाखो पक्षी मारून पुरण्यात आले आणि शेड रिकाम्या झाल्या. अंडी व कोंबडीचे भाव देशभर कोसळले. मारलेल्या पक्ष्यांबद्दल सरकारने ठराविक भरपाई दिली. परंतु बंद पडलेल्या महिन्यांची, खाद्यवाल्याच्या उधारीची, बँकेच्या हप्त्याची आणि तुटलेल्या गिऱ्हाइकाची भरपाई कोणत्याही खात्यातून मिळत नसते.

पुढे शेड पुन्हा भरल्या, धंदा पुन्हा उभा राहिला. ही जिद्द कौतुकास्पद होय. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात तोच रोग पुन्हा आला. पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले. दोन तडाख्यांच्या मध्ये १५ वर्षे होती. संकट कधी येणार, हे कोणाच्या हाती नव्हते. मधल्या १५ वर्षांतील चांगल्या दिवसांत किती बाजूला ठेवावयाचे, एवढे मात्र प्रत्येकाच्या हाती होते. हजरत युसूफ यांची सुकाळाच्या सात आणि दुष्काळाच्या सात वर्षांची हकीकत आपण मुलांना सांगतो. तिचा हिशेबी अर्थही सांगावा. असेच मिरचीचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अवकाळी पाऊस आला आणि पथारीवर वाळत घातलेली मिरची भिजली. असेच शिलाईचे. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्या वर्षीची २५ मेची ईद शिलाईवाल्याच्या हातून गेली. वर्षाचा हंगाम गेला म्हणजे पगारच गेला. म्हणून किमान तीन महिन्यांचा घरखर्च आणि तीन महिन्यांचे दुकानभाडे एवढी रक्कम वेगळी असावी. ती एका वर्षात जमणार नाही, तीन वर्षांत जमेल. थेंबे थेंबे तळे साचे, पण तळ्याला भोक नसेल तरच.

ते भोक बहुतेक वेळा उधारीचे असते. "आज रोख, उद्या उधार" अशी पाटी लावूनही आपण उधार देतो, कारण समोर नातेवाईक असतो, शेजारी असतो. उधार देऊच नका असे मी म्हणणार नाही. खेड्यात उधारीशिवाय धंदा होत नाही. मात्र ती लिहा, आणि गिऱ्हाइकासमोर लिहा. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरे बकरातील २८२वी, ही उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. जे लिहावयास सांगितले आहे ते मागण्यात लाज कसली? महिन्याच्या विक्रीपैकी किती भाग उधारीत अडकू द्यावयाचा, याची मर्यादा आधी ठरवा. जुनी बाकी फिटल्याशिवाय नवीन नाही, हा नियम सख्ख्या भावालाही लावा. म्हणजे भाऊही टिकेल आणि दुकानही.

ज्यांच्यावर जकात लागू होते ते वर्षातून एकदा हातातील रोख, दुकानातील माल व येणे मोजतात आणि द्यावयाची देणी विचारात घेऊन अडीच टक्क्यांचा हिशेब करतात. ज्याला वाणिज्य शाखेत ताळेबंद म्हणतात तो याहून फार निराळा नाही. अंदाजाने रक्कम काढण्याऐवजी त्या दिवशी खरोखर माल मोजला, तर आपली मालमत्ता गेल्या वर्षापेक्षा वाढली की घटली, हेही त्याच बैठकीत समजते. एकाच कामात दोन कर्तव्ये पार पडतात.

माताभगिनींना मी विशेष सांगू इच्छितो. घरी शिलाई करणारी, मिरचीचे देठ खुडणारी, पापड-शेवया करणारी बाई ही देखील व्यावसायिकच आहे. पण तिची कमाई घरात कोठे विरघळते, ते तिलाही कळत नाही. आपल्या शेजारच्या गुजरातेत, अहमदाबादेत, इला भट यांच्या सेवा संघटनेतील सुमारे चार हजार कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये भागभांडवल घालून १९७४ साली स्वतःची सहकारी बँक उभी केली. त्यांतील बहुतेकींना सही येत नव्हती, म्हणून ओळखीसाठी छायाचित्राची योजना करण्यात आली. अक्षर येत नाही ही अडचण त्यांनी अडचण मानली नाही. आपल्या मुली तर शिकलेल्या आहेत. प्रत्येकीचे खाते तिच्या स्वतःच्या नावावर असावे, आणि घरच्या दुकानाची वही दहावी झालेल्या मुलीकडे द्यावी. घरात इतका प्रामाणिक हिशेबनीस दुसरा मिळणार नाही.

आता कर्जाविषयी. कर्ज दोन प्रकारचे असते. एक, ज्याने यंत्र येते आणि यंत्र कमाई करते. दुसरे, ज्याने मांडव येतो आणि दुसऱ्या दिवशी तो उतरविला जातो. ऋण काढून सण करू नये, हे आपल्याला ठाऊक असते. तरी मुलीच्या लग्नात दुकानाचे भांडवल जाते आणि पुढील पाच वर्षे मुलगा रिकाम्या फळ्यांसमोर बसतो. निकाह साधेपणाने करण्याची आपली शिकवण ही दुकान वाचविण्याचीही युक्ती आहे. भिशी लावावयाची तर ओळखीच्या माणसांत, लेखी आणि झेपेल एवढीच लावावी. परवाना नसलेल्या सावकाराच्या दारात जाऊ नये. तसे कोणी अडकले असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

सरकारी योजना आहेत आणि त्यांची माहिती घेतली पाहिजे. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ २००० सालापासून आहे. एप्रिल २०१५ मध्ये मुद्रा योजना सुरू झाली. तिच्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपी, न्हावी, सुतार, लोहार, गवंडी, चर्मकार अशा १८ हस्तव्यवसायांचा समावेश असून, पहिले कर्ज एक लाखापर्यंत व दुसरे दोन लाखांपर्यंत, पाच टक्के व्याजाने आहे. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको असेल त्यांनी आपल्या जाणकारांना विचारून भागीदारी किंवा कर्जे-हसना यांचा मार्ग पाहावा. पण कोणत्याही मार्गाने गेलात तरी पैसे देणारा एकच गोष्ट विचारतो : "हिशेब दाखवा." सच्चर समितीने बँकेचे कर्ज आपल्या समाजापर्यंत कमी पोहोचते, हे दाखवून दिले. त्यात बँकांकडे बोट दाखविण्यास जागा आहे, ते दाखवावेच. मात्र आपली वही कोरी असल्यास आपल्या तक्रारीचे बळ कमी होते. पात्र लहान धंदेवाईकाला उलाढालीच्या ८ टक्के, आणि पैसे बँकेमार्फत आले असल्यास ६ टक्के, एवढे उत्पन्न धरून आयकराचे विवरणपत्र भरण्याची सोपी पद्धत उपलब्ध आहे. दरवर्षी विवरणपत्र भरणाऱ्याला पगाराची पावती नसली तरी उत्पन्नाचा पुरावा असतो.

नोकरदाराला निवृत्तिवेतन किंवा भविष्यनिर्वाह निधी असतो. आपल्याला कोण देणार, असा प्रश्न पालक विचारतात. उत्तर असे की, आपले आपणच. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते कोणीही उघडू शकतो. वर्षाला किमान ५०० रुपये आणि मुदत १५ वर्षे. अपघातासाठी पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळते. वीस रुपयांत हल्ली दोन कप चहा येतो. व्याज किंवा विम्याबाबत ज्यांना शंका असेल त्यांनी हीच शिस्त जमिनीत, सोन्यात किंवा धंद्याच्या वाढीत पैसा घालून पाळावी; पण "पोरे सांभाळतील" एवढ्या एकाच भरवशावर राहू नये. तो भरवसा पोरांच्या खांद्यावर ओझे होतो आणि त्यांचे शिक्षण तोडतो.

मित्रहो, वही झाली, पगार ठरला. आता मूळ प्रश्नाकडे वळू : धंदा करावा की सोडावा? मघाच्या तरुणाला कोणी सांगितले की, सुरतेला कारखान्यात १८ हजारांची नोकरी आहे. तेथे खोली, खानावळ व येण्याजाण्याचे ७ हजार गेले तर हातात ११ हजार राहतील. गॅरेजमध्ये तो घरी राहून १६ हजार पगार घेतो आणि वर्षाला ६५ हजार शिल्लक टाकतो. मग शंका कसली? शंका कमाईची नव्हती. ती लोकांच्या बोलण्याची होती, हे वहीने दाखविले. लोकांच्या बोलण्यावर औषध एवढेच की, स्थळ पाहावयास आलेल्यांपुढे वही व विवरणपत्र ठेवावे. पगाराची चिठ्ठी पाहणाऱ्याला वर्षाचा हिशेबही वाचता येतो.

पण वही उलटही बोलते, आणि तेव्हाही तिचे ऐकले पाहिजे. एखाद्याला वर्षाकाठी महिना ८ हजारच पडत असतील, आणि तेही धाकट्या भावाला शाळेतून काढून बिनपगारी राबविल्यावर, तर त्या दुकानाला दुकान म्हणू नये. ते कुटुंबाने फुकट केलेली चाकरी होय. तेथे हट्ट धरण्यात पुरुषार्थ नाही. येथे मी पालकांना कळकळीची विनंती करतो. मुलाच्या शाळेचे तास हे दुकानाचे भांडवल समजू नका. दुकान त्याच्यावाचून चालत नसेल तर ते त्याच्यामुळेही फार दिवस चालणार नाही.

तिसरी शंका धंद्याच्या आयुष्याची. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा पूर्वी गल्लोगल्ली फिरत असे. स्टीलची भांडी आली आणि त्याचा भाता थंड झाला. त्यात त्याचा काही दोष नव्हता. पिंजाऱ्याची धुनकी गेली. पण ज्यांनी वेळेवर पिंजण्याचे यंत्र आणले ते टिकले, आणि ज्यांनी पुढे गादीचे दुकान घातले ते आज फोमच्याही गाद्या विकतात. त्यांनी धंदा सोडला असे म्हणावे की धरला? मला वाटते, त्यांनी गिऱ्हाईक धरले आणि साधन सोडले. दुचाकी दुरुस्तीच्या मुलाने आज विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे काम शिकावे, ते याच कारणासाठी. पथारीवरून ओली मिरची वाळवून विकणाऱ्याने दळणे, पारखणे, बांधणे व नाव देऊन विकणे शिकावे. कसबाला शिक्षणाची जोड मिळते ती अशी.

निर्णय घेताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, मंदीच्या महिन्यात धंदा सोडू नये आणि हंगामाच्या महिन्यात तो वाढवू नये. पूर्ण वर्षाची बेरीज समोर ठेवून शांत महिन्यात ठरवावे. दुसरे, एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलू नये. जुने अर्धे चालू ठेवून नवे शिकावे. तिसरे, मुदत ठरवावी. जो विद्यार्थी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो त्यानेही किती प्रयत्न करावयाचे ते आधीच कागदावर लिहावे आणि त्या काळात एक कसब हातात ठेवावे. परीक्षेत नाव न येणे ही नामुष्की नव्हे. मुदतीविना वर्षे जाऊ देणे मात्र महागात पडते.

विद्यार्थी मित्रांनो, नोकरी मिळाली तर आनंदाने करा. आपल्या समाजाला शिक्षक हवेत, अधिकारी हवेत, डॉक्टर हवेत. पण नोकरी न मिळालेला माणूस उरलासुरला असतो, ही समजूत मनातून काढून टाका. या देशातील काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक स्वतःच्या धंद्यावर किंवा शेतीवर जगतात. ते सगळे उरलेसुरले असतील तर मग देश चालविते कोण?

पालकांना माझी शेवटची विनंती. या आठवड्यात एक वही आणा. डावीकडे आले, उजवीकडे गेले, एवढेच लिहा. रात्री दुकान बंद केल्यावर दहा मिनिटे मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून ते लिहून घ्या. बारा महिन्यांनी ती वही उघडा आणि मगच मुलाला सांगा की, "बेटा, हे दुकान तू पुढे चालव," किंवा "बेटा, तू दुसरी वाट धर." दोन्हींपैकी जे सांगाल ते अंदाजाने नव्हे, तर पुराव्याने सांगाल, आणि पुराव्याने सांगितलेले मुले ऐकतात.

 सर्वांच्या मेहनतीला बरकत लाभो. एवढे बोलून आपली रजा घेतो. खुदा हाफिज, जय हिंद!